एकलारेंचे धुतलेले हात

डॉक्टर गुणवंत एकलारे यांच्या सत्कारानिमित्त गौरवांक निघतो आहे, त्यात दोन पानं तुम्ही लिहा, असा निरोप घेऊन आमच्या डॉक्टरमंडळींच्या संघटनेचे चिटणीस मध्यंतरी घरी येऊन गेले. "इतकी वर्षं तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंय, तुमच्याइतकं जवळून त्यांना कोणी पाहिलेलं नाही," असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे आणि म्हणूनच मी नाही म्हणाले. चिटणीस चहा पिऊन गेले, पण एकलारे काही डोक्यातून जाईनात. गौरवांकाला चालणार नाही असं जे जे आठवलं ते इथे लिहिते आहे.

मी भूल देते. नव्वदच्या दशकात मी नवऱ्याच्या बदलीमुळे हिंगोलीला आले, तेव्हा या भागात भूलतज्ज्ञ शोधून सापडत नसे. आज वसमतला सिझेरियन, उद्या औंढ्याला हर्निया, परवा हिंगोलीतच तीन ठिकाणी, अशी माझी फिरती चाले. पेशंटचे नातेवाईक मला 'भूलवाल्या बाई' म्हणत, आणि मला ते आवडायचं. भूल देणारा माणूस टेबलाच्या डोक्याशी बसतो. सर्जनला वाटतं सगळं जग आपले हात बघतं आहे, पण मला माझ्या स्टुलावरून त्यांचं तोंड दिसतं. कोण घामाघूम होतो, कोण देवाचं नाव घेतो, कोण आपली चूक सिस्टरच्या अंगावर ढकलतो, हे मी मास्कच्या वरच्या दोन डोळ्यांवरून सांगू शकते. एकलारे हिंगोलीतले बायकांचे डॉक्टर, दवाखाना स्वतःचा. त्यांच्या डोळ्यांत मला कधी शंका दिसली नाही. एकदाही नाही. एवढा समाधानी माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही आणि पुन्हा बघायची हौसही नाही.

त्यांचा सगळ्यात आवडता प्रहर म्हणजे ऑपरेशनच्या आधीचा. कोपरापर्यंत हात घासून धुवायचे, ते छातीसमोर वर धरायचे आणि तसं उभं राहायचं. धुतलेल्या हातांनी सर्जनने कशालाही शिवायचं नसतं, हा नियम त्यांना फार मानवला होता. कारण मग बाकीच्या सगळ्यांनी त्यांना शिवायचं. "सिस्टर, चष्मा पुसा." "सिस्टर, घाम." "सिस्टर, नाक." यातलं नाक म्हणजे नाकाचा शेंडा खाजवायचा. मास्क चढवला की एकलारेंच्या नाकाला हमखास खाज सुटे. शांता सिस्टर गॉजच्या कापडाचा बोळा घेऊन मास्कवरून त्यांचं नाक खाजवी आणि हे डोळे मिटून, अभिषेक चालल्यासारखे, स्वस्थ उभे राहत. फोन आला तर तोही तिने त्यांच्या कानाला धरायचा. पेशंट टेबलावर जागी असायची आणि छताकडे बघत हे सगळं ऐकायची.

दुसरा शौक परिषदांचा. वर्षातून दोनतीनदा ते हैदराबाद, मुंबई, पुणे असे परिषदांना जाऊन येत. येताना परिषदेची पिशवी आणि एखादा नवा शब्द घेऊन येत. पिशव्यांनी दवाखाना भरला होता. एकीत सिस्टरची पोळीभाजी, एकीत बाळांची दुपटी, एकीत कपड्यांचे चिमटे. शब्द मात्र ते एका वेळी एकच ठेवत, आणि नवा आला की जुना टाकून देत. हैदराबादच्या एका परिषदेतून त्यांनी जो शब्द आणला तो तेवढा कायमचा राहिला. तो शब्द म्हणजे म्युसिन.

या म्युसिनबद्दल दोन ओळी सांगायला हव्यात, कारण त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. शरीरात जिथे जिथे ओलं, मऊ अस्तर असतं, तिथे तिथे ही बुळबुळीत प्रथिनं असतात. अस्तर ओलं ठेवायचं, जंतूंना चिकटू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. अंडाशयाचा कॅन्सर झाला की त्याच्या पेशी यातलं एक म्युसिन भरमसाट तयार करतात, त्याचे तुकडे रक्तात उतरतात आणि ते मोजता येतात. सीए-१२५ म्हणतात ती तपासणी हीच. कॅन्सर ठरलेल्या बाईला औषध लागू पडतंय का, दुखणं उलटतंय का, हे बघायला फार उपयोगी. पण पोटाचं अस्तर दुसऱ्या कशानेही चिडलं तरी हा आकडा चढतो. पोटाचा टीबी झाला की चढतो, दिवस गेले तरी चढतो, काही बायकांचा तर महिन्याच्या पाळीतही चढतो. म्हणून नुसत्या आकड्यावर कॅन्सर म्हणायचं नाही, हे पुस्तकात त्याच पानावर लिहिलेलं असतं. एकलारेंनी पान अर्धं वाचलं.

तेव्हा ही तपासणी हिंगोलीत होत नसे. रक्त बर्फात घालून एसटीने नांदेडला आणि तिथून मुंबईला जाई. आकडा आला की एकलारे तो पेशंटच्या घरच्यांना उभं राहून ऐकवत. कोणी काही विचारलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "मी बोलत नाही, नंबर बोलतो." हे वाक्य म्हणताना ते एक बोट वर करीत. नंबर जणू वरच्या मजल्यावर राहत होता.

त्यांना यात उपचारही दिसायला लागले होते. या म्युसिनला जाऊन चिकटतील अशी औषधं परदेशात बनवून राहिलेत, ती आली की कात्रीचं काम संपलं, असं ते मला ऐकवत. "मॅडम, औषध बरोबर म्युसिन हुडकतं आणि तेवढीच पेशी मारतं. मग तुमचीही गरज नाही आणि माझीही." शास्त्रज्ञ त्याच्या मागे होते हे खरं, अजूनही आहेत. त्यांना ते काम किती जड जातं आहे, हे काही एकलारेंनी परिषदेत ऐकलं नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली असावी. आणि कात्रीचं काम संपणार असं म्हणणाऱ्या या माणसाची कात्री आठवड्यातून एक दिवससुद्धा कोरडी राहत नव्हती.

खेड्यातल्या बायांना म्युसिन कसं समजावं, म्हणून त्यांनी भेंडी शोधून काढली. कुरुंद्याला आरोग्य शिबिर होतं. देवळासमोरच्या मांडवात शेदीडशे बाया बसलेल्या. एकलारेंनी भेंडी मोडून दोन बोटांत तार ताणून दाखवली आणि म्हणाले, "पाह्यलं का माय, असं चिकट चिकट कॅन्सरच्या अंगावर राहते. ते रक्तात उतरलं की समजायचं." बायांनी भेंडी बघितली, कॅन्सर हा शब्द ऐकला आणि दोन्ही सांधून घरी नेलं. पुढच्या आठवडी बाजारात कुरुंद्याला भेंडीला कोणी हात लावीना. भाजीवाली हिंगोलीपर्यंत आली आणि दवाखान्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "सायेब, भेंडीनं तुमचं काय वाकडं केलं व्हतं? सगळा माल गुरांपुढं टाकला म्या." तिला चार शब्द बरे बोलावे, पुढच्या शिबिरात खुलासा करावा, काही नाही. ती गेल्यावर ते मला म्हणाले, "बघा मॅडम, किती जागृती झाली."

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं असतं, मीही नेत होते. मग कोंडाबाई आली.

कोंडाबाई गोरेगावकडची. मेंढरं राखणाऱ्या घरातली, चाळिशीची, हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र नऊ महिन्यांचं. तिचा नवरा मारोती तिला जीपमध्ये घालून घेऊन आला होता. मी तिला तपासत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, ह्या वयात लेकरू तर न्हाई. मंग पोटात काय येऊन बसलं?" पोटात पाणी झालं होतं. एकलारेंनी रक्त पाठवलं, आकडा भला मोठा आला आणि त्यांनी मारोतीला उभं राहून सांगितलं, "अंडाशयाचा कॅन्सर. मी बोलत नाही, नंबर बोलतो."

पोट उघडलं तेव्हा मी डोक्याशी होते. आतल्या अस्तरावर सगळीकडे ज्वारीच्या कण्या उधळाव्यात तसे बारीक दाणे पसरलेले. पसरलेला कॅन्सर असा दिसतो, तसाच टीबीही दिसतो. नुसत्या डोळ्यांनी कोणाच्या बापाला सांगता यायचं नाही. एकलारेंनी एकदा बघितलं, 'पसरलंय सगळं' म्हणाले आणि टाके घालायला घेतले. मी म्हटलं, "सर, तुकडा घ्या. टीबी असू शकतो."

"नंबर पाहिलात ना तुम्ही?"

"नंबर टीबीतही चढतो, सर."

"मॅडम, तुम्ही झोपवायचं बघा."

मी म्हटलं, तुकडा घेतल्याशिवाय मी हिला उठवत नाही. ही धमकी तशी पोकळच होती, पण त्यांना घरी जेवायला जायचं होतं. 'तुमच्या समाधानासाठी' असं म्हणून त्यांनी चिमूटभर तुकडा बाटलीत टाकला. नांदेडच्या पॅथॉलॉजिस्टचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या खोलीतच बसले होते. फोनवर ते नुसते हो, हो म्हणत राहिले. ठेवल्यावर थोडा वेळ पेपरवेटशी खेळले आणि म्हणाले, "टीबी म्हणतोय. पण दोन्ही असू शकतं. कॅन्सरवर टीबी."

"मग उपचार कशावर करणार?"

"टीबीचं करू. मग नंबर बघू."

औषध त्यांनी योग्य दिलं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण मारोतीला एकदा कॅन्सर सांगून झालं होतं आणि एकलारे बोललेला शब्द मागे घेणाऱ्यातले नव्हते. टीबीच्या गोळ्या त्यांनी पाकिटांतून सोडवून आपल्या दवाखान्याच्या कागदी पुड्यांत भरल्या आणि कॅन्सरच्या गोळ्या म्हणून दिल्या. त्यातल्या एका गोळीने लघवी नारिंगी-लाल होते. कोंडाबाई घाबरून परत आली. एकलारे प्रसन्न हसले आणि म्हणाले, "घाबरू नको माय. कॅन्सर वितळून बाहेर पडून राहिला." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. कॉलेजात शिकलेला माणूस हे बोलू शकतो यावर माझ्या नवऱ्याचा कितीतरी दिवस विश्वास बसला नव्हता.

मारोती पुढच्या पुड्या न्यायला आला, तेव्हा मी त्याला दवाखान्याबाहेर गाठून सरळ सांगितलं की हा कॅन्सर नाही, टीबी आहे आणि ती पूर्ण बरी होणार आहे. मला वाटलं, आनंदाने उडी मारेल. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "बाई, टीबी म्हनू नका. टीबीचं नाव निघालं तर भाऊकी तिचं ताट येगळं करते, पान्याला शिवू देत न्हाई. कॅन्सर कोनाला लागत तर न्हाई ना?"

मी म्हटलं, पोटाचा टीबी असा कोणाला लागत नाही.

"तुमी म्हनता ते बराबर हाय. पन भाऊकीला कोन सांगल? सायेबांनी सांगितलं तर आयकतील. सायेब तर कॅन्सरच म्हनून राहिले."

चूक काय नि बरोबर काय, ते त्याच्यापुरतं त्याने नीट तोललं होतं. मला त्याचा राग आला नाही. ज्याने एका वाक्यात टीबीही सांगितला असता आणि तो लागत नाही हेही गळी उतरवलं असतं, त्याचा आला. मी एकलारेंना तसं म्हणाले. ते म्हणाले, "तिला बरं वाटतंय ना? मग नावाचं काय घेऊन बसलात." नाव त्यांना कशासाठी हवं होतं ते मला संघटनेच्या सभेत कळलं.

कोंडाबाई खडखडीत बरी झाली. टीबी हटला तसा आकडाही उतरला, तो उतरणारच होता. एकलारेंनी त्याचा आलेख काढला. हॉटेलच्या हॉलमध्ये सभा, पडद्यावर वरून खाली घसरत आलेली लाल रेघ आणि व्यासपीठावर, नवं लुगडं नेसवून खुर्चीत बसवलेली कोंडाबाई. तिला खुर्चीत कसं बसावं कळेना, म्हणून ती टोकावर बसली होती. एकलारे पाऊण तास बोलले. लहान गावात बसून अंडाशयाच्या पसरलेल्या कॅन्सरवर आपण कशी मात केली, म्युसिनने कशी वाट दाखवली, वगैरे. तुकड्याच्या तपासणीत काय आलं, असं बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी विचारलं. एकलारे म्हणाले, "सर, तो जुना रस्ता झाला." टाळ्या पडल्या. मी उभी राहून म्हणाले की तपासणीत टीबी आला होता आणि औषधंही टीबीचीच दिली होती. एकलारे हसत म्हणाले, "आमच्या मॅडमची एक अडचण आहे. पेशंट झोपला की स्वप्नं यांना पडतात." सगळे खदाखदा हसले. प्राध्यापकही हसले. तेवढ्यात भजी आली आणि म्युसिनचा विषय संपला. त्या हॉलमध्ये त्या दिवशी जेवढे डॉक्टर होते, त्यांच्याविषयीही माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही. यातलेच काही आता गौरवांकात लिहिणार आहेत.

त्यानंतर मी एकलारेंकडे जाणं सोडलं का? नाही. मी गेले नाही तर ते पेशंटच्या पाठीत भुलीची सुई स्वतःच टोचून, लगेच हात धुवून कापायला उभे राहत. एकदा तसं करताना एक बाई जाता जाता वाचली होती. म्हणून बोलावणं आलं की मी जात राहिले. हिंगोलीचा जिल्हा झाला, गावात नवे दवाखाने आले, एकलारेंच्या दवाखान्याला मजला चढला. कोंडाबाई दर वर्षी न चुकता येई. येताना घरचं तूप आणी, बरणीवर फडकं बांधून. एकलारे तिला ओपीडीत सगळ्यांसमोर उभी करून म्हणत, "ही पाहा, माझी कॅन्सरची पेशंट." ती हात जोडे. पेशंट माना डोलावत. मग तूप आतल्या खोलीत जाई.

पुढची गोष्ट दोन हजारनंतरची. सकाळची वेळ होती. गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढायची आहेत, एवढाच निरोप होता. मी पोचले तेव्हा पेशंट टेबलावर आडवी होती आणि एकलारे बेसिनशी हात घासत होते. पेशंटला बघून मी चपापले. पंचविशीची पोरगी, हिरव्या गाउनमध्ये, डोळे टक्क उघडे.

आमच्या भागात पिशवी काढणं ही तेव्हा साधी गोष्ट झाली होती. पांढरं जातंय, पिशवी काढा, कंबर दुखतेय, पिशवी काढा. पण पंचविशीत अंडाशयंही काढली तर पोरगी एका दिवसात म्हातारी होते. अंगाची लाही, हाडं ठिसूळ, मूल तर नाहीच. मी नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. नाव वनिता. औंढ्याजवळ सासर. एक मुलगी. घरात कोणाला काही मोठं दुखणं?

"मायला कॅन्सर झाला व्हता. म्हनूनच तर काढून राहिले. सायेब म्हनले, मायला व्हता त्याच्यानं तुलाबी व्हईल, नंबर वाढून राहिला."

"आईचं नाव काय?"

"कोंडाबाई. भाईर बसली हाय."

मी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. मग विचारलं, "रक्त दिलं तेव्हा पाळी चालू होती का गं?"

ती लाजली. "व्हय. दुसरा दिवस व्हता. म्या सिस्टरला सांगितलं बी. मला काहून ईचारता?"

एकलारे आत आले. हात वर, बोटांवरून पाणी ठिबकतंय, चेहऱ्यावर तेच समाधान. "मॅडम, झालं का?"

मी म्हटलं, "सर, हिला फक्त एक वाक्य सांगा, मग मी झोपवते. हिच्या आईला काय झालं होतं ते."

"हे बोलायची ही जागा आहे का?"

"हीच आहे. यानंतर सांगून उपयोग नाही."

वनिता कोपरांवर उठून बसली. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "कोनतं वाक्य?"

एकलारेंनी आवाज मऊ केला. "पड बाळा तू. यांचं काय ऐकतेस, या भूल देणाऱ्या."

"सायेब, मायला कॅन्सर व्हता ना?"

"हे बघ, शरीरात म्युसिन नावाचा एक पदार्थ असतो. समज, आपली भेंडी असते ना—"

"भेंडी ऱ्हाऊ द्या, सायेब. व्हता का न्हाई, तेवढं सांगा. मला आजून एक लेकरू पाहिजे."

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द बोलले असते तर माझ्या मनातलं इतक्या वर्षांचं सगळं मी तिथल्या तिथे धुवून टाकलं असतं, हे मी अगदी मनापासून लिहिते. त्यांना माहीत नव्हतं असंही नाही. नांदेडचा फोन त्यांनीच घेतला होता, पुड्या त्यांनीच भरल्या होत्या. मी स्टुलाजवळ उभी राहून मास्कवरचे त्यांचे डोळे बघत होते. मला वाटलं, आज तरी त्यांत काहीतरी हलेल. ते डोळे माझ्यावरून सरकले, वनितावरून सरकले आणि वर छताकडे गेले.

"नंबर वाढलेला आहे," ते म्हणाले. "मी बोलत नाही—"

"तुमीच बोला की," वनिता म्हणाली.

त्यांचे डोळे छतावरून खाली आले नाहीत. मग मी बोलले. म्हटलं, तुझ्या आईला पोटाचा टीबी होता, तो पूर्ण बरा झालाय, तो तुला लागणार नाही. आणि पाळीत रक्त घेतलं तर हा आकडा थोडा चढू शकतो. पाळीनंतर रक्त पुन्हा तपासून घे, दुसरीकडे तपासून घे, सोनोग्राफी कर, पण आज हे करू नकोस. वनिता सगळं ऐकून टेबलावरून खाली उतरली. पाय जमिनीला पुरेनात, तर शांता सिस्टरने पुढे होऊन तिला आधार दिला. इतकी वर्षं ती बाई त्या खोलीत एक शब्द बोलली नव्हती. तिने वनिताच्या अंगाभोवती चादर लपेटली आणि तिला धरून बाहेर नेलं. मी मागोमाग गेले.

बाहेर बाकावर कोंडाबाई बसली होती. फडकं बांधलेली तुपाची बरणी तिने आल्या आल्या काउंटरवर ठेवून दिली होती. लेकीने तिला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कोंडाबाईने मला एवढंच विचारलं, "मंग ते लाल लाल जात व्हतं ते काय व्हतं, बाई?"

"गोळीचा रंग होता तो."

तिला भाऊकी आठवली असेल, हॉलमधली खुर्ची आठवली असेल. मग ती उठली, काउंटरवरच्या पोराला "ते तूप इकडं दे" म्हणाली आणि बरणी काखेत मारून लेकीला घेऊन चालती झाली. वनिताची पुढची तपासणी नांदेडला झाली, आकडा साधा आला. दोन वर्षांनी तिला मुलगा झाला. बाळंतपण सरळ झालं, भुलीची गरज पडली नाही. हे मला शांता सिस्टरनेच सांगितलं.

माझी पर्स थिएटरात राहिली होती, म्हणून मी परत आत गेले. दाराला गोल काच होती, तिच्यातून एकलारे दिसले. रिकाम्या टेबलासमोर ते एकटेच उभे होते, हात छातीसमोर वर धरलेले. त्यांच्या नाकाला खाज सुटली असावी. ते मान वाकडी करून नाक खांद्यावर घासायचा प्रयत्न करीत होते आणि ते पोचत नव्हतं. "सिस्टर," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "सिस्टर, नाक." कोणी आलं नाही. मी पर्स न घेताच दारातून मागे फिरले. त्यानंतर मी त्या दवाखान्यात गेले नाही आणि एकलारेही मला पुन्हा कधी समोरासमोर दिसले नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर ते अजून तसेच उभे आहेत, मान वाकडी करून. हात मात्र त्यांनी खाली घेतले नव्हते, ते धुतलेले होते ना.